घर वाशी नाक्याला, काम दादरला

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी पूर्वी माटुंग्याजवळ रुळाला लागून असलेल्या वस्तीत राहायच्या. तिथून हिंदू कॉलनीतलं आमचं घर पायी वीस मिनिटं. सकाळी सातला पहिलं काम, मग आमचं, मग आणखी दोन घरं. साडेअकराला त्या परत खोलीवर, मुलगी शाळेतून यायच्या आत. रेल्वेच्या प्रकल्पात ती वस्ती उठली आणि मावशींना वाशी नाक्याला पक्कं घर मिळालं. (वाशी नाका म्हणजे नवी मुंबईतलं वाशी नव्हे. चेंबूरहून माहुलकडे जाताना लागतो तो भाग. नावामुळे पुष्कळांचा गोंधळ होतो.) २२५ चौरस फुटांची खोली, आत संडास, नळ, दाराला कुलूप. मावशी पेढे घेऊन आल्या होत्या. रात्री गाडी गेली की भांडी वाजायची ती आता वाजत नाहीत, हे त्यांनी तीनदा सांगितलं.

मग कामावर यायचं म्हणजे बसने चेंबूर, हार्बरने कुर्ला, तिथे पूल चढून-उतरून सेंट्रलची गाडी, आणि दादर. सातला पोहोचायचं म्हणजे सव्वापाचला घर सोडायचं. मुलगी एकटी उठणार, एकटी शाळेत जाणार. काही महिन्यांत मावशींनी दोन घरं सोडली. घर मिळालं आणि मिळकत जवळपास निम्मी झाली.

"फुकट घर मिळालं, आता तक्रार कसली?" हे मी आमच्याच इमारतीत ऐकलंय, चांगल्या माणसांच्या तोंडून. त्यांना उत्तर द्यायचं म्हणून मी हे सगळं समजून घ्यायला लागले. मुंबईत घराचा प्रश्न, बेघरांचा प्रश्न आणि बस-लोकलचा प्रश्न वेगवेगळे नाहीत, असं माझं आता ठाम मत आहे. तो एकच प्रश्न आहे: राहण्याच्या जागेपासून कामाची जागा किती लांब, आणि ते अंतर कोण ठरवतं. खाती वेगळी आहेत म्हणून आपण प्रश्नही वेगळे मानत आलो.

आधी, कोणाच्या हातात काय

महापालिका म्हणजे २२७ नगरसेवक, रस्ते, पाणी, कचरा, दवाखाने आणि बेस्टच्या बसगाड्या. लोकल गाड्या केंद्र सरकारच्या रेल्वेच्या. मेट्रोचं काम बहुतेक एमएमआरडीएकडे, म्हणजे राज्य सरकारकडे; कुलाबा ते आरे ही भुयारी मेट्रो तेवढी केंद्र आणि राज्याच्या भागीदारीतल्या वेगळ्या कंपनीची. झोपडपट्टी पुनर्वसन एसआरएकडे, जुन्या चाळी आणि लॉटरीची घरं म्हाडाकडे. दोन्ही पुन्हा राज्याच्या. जमिनीचं विचाराल तर काही कलेक्टरची, काही पालिकेची, काही रेल्वेची, काही पोर्ट ट्रस्टची, काही मिठागरांची.

आपण मत ज्याला देतो, आणि नळाला पाणी नाही म्हणून ज्याच्या ऑफिसात जाऊन बसतो, त्या नगरसेवकाच्या हातात यातलं फार थोडं असतं. ७४व्या घटनादुरुस्तीने १९९२ साली शहरनियोजनासकट अठरा विषय शहरांकडे सोपवायची वाट मोकळी केली. पण किती सोपवायचे हे राज्यांवर सोडलं, आणि कुठल्याही राज्य सरकारला मुंबईची जमीन हातची सोडवत नाही. त्यात मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. जवळजवळ चार वर्षं देशातल्या सगळ्यात श्रीमंत पालिकेत लोकांनी निवडून दिलेलं कोणी नव्हतं. प्रशासक अर्थसंकल्प मांडायचे आणि प्रशासकच तो मंजूर करायचे.

मेट्रो कुठून न्यायची हे एक ऑफिस ठरवतं. त्या मार्गावर इमारती किती उंच होणार हे दुसरं. तिथून उठलेल्या माणसांना कुठे पाठवायचं हे तिसरं, आणि त्यांच्या नव्या पत्त्यावर बस सोडायची की नाही हे चौथं. या चौघांनी एकत्र बसून एका माणसाचा दिवस कसा जाईल याचा विचार करावा, अशी सक्ती कुणावरच नाही.

रुळालगतची एक लाख माणसं

मावशी ज्या प्रकल्पात उठल्या त्याला रेल्वेच्या भाषेत एमयूटीपी म्हणतात. जागतिक बँकेच्या कर्जातून २००२ पासून तो सुरू झाला. जादा मार्गिका टाकायच्या होत्या आणि रुळांच्या अगदी कडेला हजारो झोपड्या होत्या. काही पट्ट्यांत गाडीचा वेग ताशी १५ किलोमीटरवर आणावा लागे, इतक्या जवळ. म्हणजे त्या झोपड्यांचा प्रश्न आत बसलेल्या लाखो प्रवाशांचाही होता.

इथे मला एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते, कारण मुंबईत चांगलं झालेलं आपण लवकर विसरतो. कर्ज देताना बँकेची अट होती की आधी पुनर्वसन, मग काम. राज्याने त्यासाठी धोरण केलं. झोपड्यांची मोजणी करायला वस्तीतल्या बायकाच पुढे आल्या. महिला मिलन, रेल्वेकाठच्या झोपडीवासीयांचा महासंघ आणि स्पार्क ही संस्था यांनी घराघराला क्रमांक दिले, याद्या केल्या, कुणाच्या शेजारी कोण राहणार हे ठरवलं. सुमारे एक लाख माणसं हलली आणि बहुतेक ठिकाणी बुलडोझर न लावता हलली. इतक्या मोठ्या प्रमाणावर हे देशात क्वचितच झालंय.

मग अडलं कुठे? जागेच्या निवडीत. घरं बांधली गेली मानखुर्दला लल्लूभाई कंपाउंडमध्ये, गोवंडीला नटवर पारेख कंपाउंडमध्ये, वाशी नाक्याला. सगळी एकाच टोकाला, पालिकेच्या एम पूर्व विभागात किंवा त्याला लागून. याच विभागात देवनारची कचराभूमी आणि कत्तलखाना आहे. पालिकेच्या स्वतःच्या २००९ च्या मानव विकास अहवालात हा विभाग सगळ्यांत खाली होता.

तेच टोक का, हे कळायला दोन शब्द समजून घ्यावे लागतात. ते कळले की मुंबईतल्या निम्म्या बातम्या आपोआप उलगडतात.

पहिला एफएसआय, मराठीत चटई क्षेत्र निर्देशांक. समजा एक हजार चौरस मीटरचा प्लॉट आहे. एफएसआय १ असेल तर सगळे मजले मिळून त्यावर एक हजार मीटर बांधता येतं, ३ असेल तर तीन हजार. जमीन तेवढीच, किंमत मात्र कितीतरी वाढते. तो वाढवून देताना सरकारला खिशातून काही काढावं लागत नाही. म्हणून पैसा नाही म्हटलं की सरकार एफएसआय देतं.

दुसरा टीडीआर, म्हणजे एका प्लॉटवरचा बांधकामाचा हक्क दुसरीकडे नेऊन वापरायचा किंवा विकून टाकायचा. प्रकल्पग्रस्तांची, सरकारी भाषेत 'पीएपी'ची, घरं अशीच बांधली गेली. बिल्डर स्वस्त जमिनीवर घरं बांधून सरकारला फुकट देतो आणि बदल्यात टीडीआर घेतो. तो टीडीआर विकला जातो जिथे फ्लॅट महाग आहेत तिथे. आता बिल्डरच्या जागी स्वतःला ठेवून बघा. घरं जितक्या स्वस्त जमिनीवर बांधाल तितका नफा जास्त, आणि शहरातली सगळ्यात स्वस्त जमीन म्हणजे कचराभूमी आणि रिफायनरीच्या शेजारची. कुणी दुष्टपणे ठरवलं असं म्हणायची गरजच नाही. योजनेचा हिशेबच गरीब माणसाला त्या टोकाला ढकलतो.

लल्लूभाई कंपाउंडमध्ये मी पहिल्यांदा गेले तेव्हा दुपारचा एक वाजला होता, ऊन कडक. दोन इमारतींमधल्या बोळात शिरले आणि एकदम संध्याकाळ झाल्यासारखं वाटलं. मधलं अंतर जेमतेम तीन मीटर. खाली कचरा साचलेला, वर खिडक्यांना वाळत घातलेले कपडे, आणि तळमजल्यावरच्या प्रत्येक घरात ट्यूबलाइट चालू. एका बाईने मला आत बोलावून खिडकी दाखवली. हात बाहेर काढला की समोरच्याची जाळी लागेल असं वाटत होतं. पुढे २०१८ मध्ये 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने लल्लूभाई आणि नटवर पारेख इथल्या इमारतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. ऊन आणि हवा खेळत नाही अशा घरांत, विशेषतः खालच्या मजल्यांवर, क्षयरोग जास्त आढळतो हे त्यात दाखवलंय. इतक्या जवळ इमारती बांधू देणारी सूट नियमातच होती. श्रीमंतांच्या इमारतीला जी सूट द्यायला कोणी धजणार नाही, ती इथे सहज दिली गेली.

माहुलचं याहून वाईट. तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्या हायकोर्टाच्या आदेशाने हटवल्या गेल्या आणि २०१७ पासून माणसं माहुलला पाठवली गेली, रिफायनऱ्यांच्या कुशीत. तिथल्या हवेबद्दल हरित लवादाने २०१५ मध्येच इशारा दिलेला होता. विद्याविहारच्या पाइपलाइनवरच्या लोकांनी रस्त्यावर बसून आंदोलन केलं. सप्टेंबर २०१९ मध्ये हायकोर्टाने सांगितलं की तिथे राहायची सक्ती करता येणार नाही; दुसरीकडे घर द्या, नाहीतर दरमहा १५ हजार रुपये भाडं आणि ४५ हजार अनामत द्या. हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. नुसती चार भिंतींची खोली दिली म्हणजे पुनर्वसन झालं नाही, हे त्यात स्पष्ट झालं.

याउलट गिरगाव-काळबादेवी बघा. भुयारी मेट्रोसाठी तिथल्या जुन्या चाळी पाडायच्या होत्या. रहिवासी पेटून उठले, पक्ष धावून आले, आणि त्याच भागात घरं द्यायचं ठरलं. योग्यच झालं. गिरगावकरांना गिरगावातच घर मिळायला हवं. पण मग पाइपलाइनवरच्या माणसाला विद्याविहारलाच का नको? फरक एवढाच, की एकाकडे भाडेपावती होती आणि वर्तमानपत्रांना ओळखीचं वाटेल असं नाव होतं.

तारखेचं राजकारण

मुंबईत तुम्ही कोण आहात यापेक्षा कधीपासून आहात याला महत्त्व आहे. १९७६ साली सरकारी जमिनींवरच्या झोपड्यांची गणती झाली आणि लोकांना फोटोपास मिळाले. त्या गणतीत जो आला तो अधिकृतपणे अस्तित्वात आला. मग झोपडीला संरक्षण मिळण्याची अंतिम तारीख १९८५ झाली, मग १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००. आता १ जानेवारी २०११ पर्यंतच्यांनाही घर मिळतं, पण २००० नंतरच्यांना त्यासाठी अडीच लाख रुपये भरावे लागतात.

प्रत्येक तारखेच्या मागे निवडणूक असते. २००४ च्या विधानसभेला २००० पर्यंतच्या झोपड्यांना संरक्षण देऊ असं आश्वासन होतं. निवडणूक जिंकल्यावर काही महिन्यांतच, २००४-०५ च्या हिवाळ्यात, ऐंशी हजारांच्या आसपास झोपड्या पाडल्या गेल्या. 'घर बचाओ, घर बनाओ' आंदोलन त्यातूनच उभं राहिलं.

तारखेचा अर्थ प्रत्यक्षात कसा दिसतो? वस्तीच्या समाजमंदिराच्या भिंतीवर कागद चिकटवलेले असतात. त्याला परिशिष्ट-२ म्हणतात. अनुक्रमांक, नाव, झोपडी क्रमांक, वापर निवासी की अनिवासी, पुरावे, आणि शेवटच्या रकान्यात एक शब्द: पात्र किंवा अपात्र. मी पाहिलंय, माणसं आधी शेवटचा रकाना बघतात आणि मग बोटाने डावीकडे सरकत आपलं नाव शोधतात. एकीचं लाइट बिल मेलेल्या सासऱ्यांच्या नावावर. एकाच्या रेशनकार्डावर आडनावाचं स्पेलिंग वेगळं. एकाने १९९९ मध्ये घेतलेल्या खोलीचा कागद २६ जुलैच्या पुरात गेला. तिघंही अपात्र. मग वरच्या अधिकाऱ्याकडे अपील, त्यावर अपील, दर खेपेला एक दिवसाची मजुरी बुडवून.

वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्याचं तर नावच नसतं, तो कितीही वर्षं राहत असो. आज धारावीत नेमका हाच प्रश्न उभा आहे. पात्र लोकांना धारावीतच घर मिळणार. वरच्या मजल्यांवरचे आणि १ जानेवारी २००० नंतरचे धारावीबाहेर जाणार. त्यासाठी कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंडची मिठागरं आणि देवनारची कचराभूमी यांची नावं पुढे आली. धारावीच्या एका बाजूला माहीम स्टेशन, दुसऱ्या बाजूला सायन. दोन्ही लाइनींवर पायी पोहोचता येईल अशी गरिबांची दुसरी वस्ती मुंबईत शोधून सापडायची नाही. धारावीतला शिवणकाम करणारा कारागीर याच जागेच्या जोरावर जगतो. कच्चा माल सकाळी येतो, तयार माल संध्याकाळी दुकानात जातो. त्याला देवनारला घर दिलं तर त्याचा धंदा त्याच्याबरोबर जाईल असं मानणं चुकीचं आहे.

एसआरएची मूळ कल्पना १९९५ ची. युती सरकारने ४० लाख झोपडीवासीयांना फुकट घरं द्यायचं जाहीर केलं, म्हणजे आठ लाख घरं. बिल्डर त्याच जागेवर झोपडीवाल्यांना घरं बांधून देईल, उरलेल्या जागेवर फ्लॅट विकेल आणि त्यातून खर्च काढेल. त्याच जागेवर घर, हा यातला सगळ्यात चांगला भाग होता आणि आजही आहे. पण सगळा खेळ बाजूच्या फ्लॅटच्या भावावर. वांद्रे, जुहू, वरळीतल्या वस्तीवर बिल्डरांची रांग लागते. गोवंडीतल्या वस्तीकडे कोणी फिरकत नाही. जिथे काम सुरू होतं तिथेही माणसं भाड्याच्या खोलीत किंवा ट्रान्झिट कॅम्पमध्ये वर्षानुवर्षं अडकतात आणि बिल्डरचं भाडं थकतं. तीस वर्षांत आठ लाखांच्या निम्म्यावरही आपण पोहोचलो नाही. जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाला झोपडपट्टी पुनर्वसन ज्याखाली चालतं त्या कायद्याचंच मूल्यमापन करायला सांगितलं, तेव्हा १,६०० हून जास्त खटले नुसत्या या कायद्याखाली हायकोर्टात पडून होते.

ज्यांना अपात्र म्हणायलाही कागद नाही

फुटपाथवर झोपणारा माणूस या सगळ्या याद्यांच्या बाहेर. २०११ च्या जनगणनेत मुंबईत बेघर मोजले गेले ते ५७ हजारांच्या आसपास. त्याच जनगणनेत याच शहरात रिकामी घरं होती पावणेपाच लाखांच्या वर.

आपल्याला वाटतं बेघर म्हणजे भिकारी. पहाटे दादरच्या फुलबाजाराजवळ किंवा मशीद बंदरच्या गोदामांबाहेर उठणाऱ्या माणसांशी एकदा बोलून बघा. कोणी हमाल, कोणी केटररकडे वाढपी, कोणी नाका कामगार, कोणी कचरा वेचणारी बाई. ही माणसं कामाच्या दारात झोपतात, कारण गाडी पहाटे चारला येते आणि त्या वेळी तिथे असणाऱ्यालाच बोजा मिळतो. मानखुर्दहून पहाटे चारला मशीद बंदरला पोहोचायला गाडीच नाही. लांबचं घर त्यांना परवडत नाही ते नुसत्या भाड्यामुळे नाही.

१९८१ च्या जुलैत, भर पावसात, मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवरच्या लोकांना उचलून त्यांच्या गावी परत पाठवायचं जाहीर केलं. बसगाड्या भरल्याही गेल्या. पत्रकार ऑल्गा टेलिस आणि फुटपाथवरचे काही रहिवासी कोर्टात गेले. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने निकाल दिला. माणसं फुटपाथवर राहतात ती काम जवळ आहे म्हणून. तिथून हटवलं तर रोजगार जातो, आणि रोजगार काढून घेणं म्हणजे जगण्याच्या हक्कावरच घाला, असं कोर्टाने मानलं. सगळ्यात वरच्या कोर्टाने चाळीस वर्षांपूर्वी काम आणि घर यांच्यातलं अंतर हा घटनेचा विषय केला. अर्थात त्याच निकालात नोटीस देऊन हटवता येईल असंही म्हटलं, आणि पर्यायी जागा मिळणार होती ती १९७६ च्या गणतीतल्यांना. पुन्हा तारीखच.

२०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने शहरांना सांगितलं की दर एक लाख लोकसंख्येमागे एक रात्रनिवारा हवा, बारा महिने चोवीस तास. मुंबईच्या हिशेबाने सव्वाशेच्या आसपास. त्या आकड्याच्या जवळपासही आपण कधी गेलो नाही. पालिका म्हणते जागा नाही. नवीन उड्डाणपूल झाला की मात्र त्याच्याखाली आधी कुंपण येतं. आणि शहरात अजून १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा आहे, ज्याखाली माणसाला उचलून चेंबूरच्या भिक्षेकरी गृहात नेता येतं.

या माणसांना फुकट घर नको, महिना दोन-तीन हजारांत स्वच्छ खोली किंवा खाट मिळाली तरी पुष्कळ. मुंबईत गरिबाला भाड्याने राहता येईल असं काही कोणी बांधतच नाही. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठवली, नव्या चाळी बांधणं थांबलं. २००८ मध्ये एमएमआरडीएने १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना आणली, ती काही वर्षांतच गुंडाळली गेली. विकायचं घर बांधलं की बिल्डर खूश, वाटायचं घर बांधलं की पुढारी खूश. भाड्याच्या खोलीमागे उभं राहणारं कोणी नाही.

शेलू, वांगणी आणि दहा रुपयांचं तिकीट

गिरणी कामगारांचं उदाहरण घेतल्याशिवाय हे पुरं होणार नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडल्या. सुमारे ६०० एकर जमीन, लालबाग-परळ-वरळीची. १९९१ च्या नियमात तिचे तीन वाटे ठरले होते: एक मोकळी जागा, एक सार्वजनिक घरं, एक मालकाचा. २००१ मध्ये नियम असा बदलला की वाटे पूर्ण जमिनीचे नाही, तर बांधकाम नसलेल्या रिकाम्या भागाचेच करायचे. गिरण्यांच्या आवारात रिकामं असं होतंच किती? २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो बदल मान्य केला. एका शब्दाने कामगारांच्या वाट्याचे कित्येक एकर गेले. दीड लाखाहून जास्त कामगारांनी आणि वारसांनी घरासाठी अर्ज केलेत. त्यातल्या थोड्यांना परळ-लोअर परळला घरं मिळाली. बाकीच्यांना आता शेलू आणि वांगणी दाखवतात, बदलापूरच्याही पुढे, कर्जतच्या वाटेवर. जुलै २०२५ मध्ये हे कामगार आझाद मैदानात आले होते. सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडलेले, काही काठी टेकत. त्यांच्या पोराला रोज तिथून लोअर परळच्या टॉवरमध्ये कामाला यायचंय, जो टॉवर बापाच्या गिरणीच्या जागेवर उभा आहे.

आणि यायचं ते कशाने? ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलच्या दारात लटकणारी माणसं खाली पडून मेली, ती याच लाइनवर. घर लांब ढकलण्याची किंमत अशीही वसूल होते.

बसचं बघा. बेस्ट १९४७ पासून पालिकेची. पूर्वी विजेच्या नफ्यातून बसचा तोटा भरून निघायचा, पुढे ते बंद झालं. २०१९ मध्ये किमान तिकीट पाच रुपयांवर आणलं, लोक परत बसकडे वळले. त्याच सुमारास स्वतःच्या ३,३३७ गाड्या राखायचा करार झाला होता. २०२५ पर्यंत स्वतःच्या गाड्या काही शेकड्यांवर आल्या, बाकी कंत्राटदारांच्या. मे २०२५ मध्ये किमान तिकीट दहा रुपये झालं. कामाला जाताना दोन बस, येताना दोन. दिवसाला वीस रुपये जात होते ते चाळीस झाले. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर ५२० चे १,०४०. तीन घरची कामं करणाऱ्या बाईच्या हातून एवढे पैसे गेले तर कुठला तरी खर्च बंद होतो.

२०२५-२६ चा पालिकेचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा. बेस्टला त्यात १,००० कोटी, म्हणजे शंभर रुपयांत एक रुपया चौतीस पैसे. कोस्टल रोडच्या साडेदहा किलोमीटरवर पालिकेने सुमारे १४ हजार कोटी खर्च केले, आणि तो मुख्यतः ज्यांच्याकडे मोटार आहे त्यांच्यासाठी. मला रस्त्याशी वैर नाही. पण पालिकेकडे पैसा नाही असं मात्र मला कोणी सांगू नये. मेट्रोसुद्धा मला हवीच आहे, भुयारी मेट्रोने आरे ते कफ परेड हे ३३ किलोमीटर खरंच जवळ आणलं. पण स्टेशन जाहीर झालं की आसपासच्या खोलीचं भाडं वाढतं, जुनी चाळ पाडायची घाई होते, आणि भाड्याने राहणारा माणूस स्टेशन सुरू व्हायच्या आत तिथून निघून गेलेला असतो. त्या स्टेशनभोवती वाढीव एफएसआय देताना सरकारने दर दहा खोल्यांत दोन-तीन स्वस्त भाड्याच्या ठेवा अशी अट घातली तर? हे पूर्णपणे राज्याच्या हातात आहे. त्यासाठी जमीनही विकत घ्यावी लागत नाही.

जानेवारीत पालिकेच्या प्रचाराला एक तरुण कार्यकर्ता आमच्या दारात आला होता. नम्र मुलगा, हातात पत्रकं. मी त्याला विचारलं, तुमच्या उमेदवाराने एवढंच सांगावं की वाशी नाक्याहून पहाटेची पहिली बस किती वाजता सुटते आणि ती दहा मिनिटं आधी सोडता येईल का. त्याने आधी सांगितलं की ते बेस्टचं वर ठरतं. मग म्हणाला, पुनर्वसनाचं असेल तर एसआरए. मी म्हटलं, नाही, रेल्वेच्या प्रकल्पातली घरं आहेत, एमएमआरडीएने दिलेली. तो थोडा थांबला. पत्रकाच्या मागे पेनाने 'वाशी नाका, पहिली बस' असं लिहून घेतलं आणि विचारलं, "काकू, हे नवी मुंबईत येतं ना?"

मी फोनवर नकाशा उघडला आणि त्याला चेंबूर दाखवलं. तिथून खाली माहुलकडे जाणारा रस्ता, आणि त्याच्या कडेला दाटीवाटीने उभ्या असलेल्या त्या इमारती.